परसांतलें झुडूप आणि अरण्यांतला वृक्ष

आज मी आपणांस एका लहानशा झुडपाची हकीकत सांगणार आहें. हें झुडूप आपल्याकडील परसांत वाढत नाहीं. आपणांपैकीं पुष्कळांनीं तें पाहिलेंही नसेल. त्याचें इंग्रजी नांव करंट. मराठींत 'करंटा' म्हणजे दैवहीन. या दोन शब्दांचा एकमेकांशीं कांहीं संबंध नाहीं, हें उघडच आहे; परंतु या झुडपाचा अमेरिकेंतील इतिहास वाचूं लागलें म्हणजे मराठी माणसाच्या मनांत हा श्लेष आल्यावांचून राहत नाहीं. कारण, ज्या झुडपाला इंग्लंडांत सरकारनें लहान मुलांचें आरोग्यरक्षक म्हणून जवळ केलें, त्याच झुडपाला त्याच सुमारास अमेरिकेंत सरकारी माणसें मुळासकट उपटून टाकीत होतीं. दोन्ही सरकारांच्या पदरीं शास्त्रज्ञ होते, आणि दोघांचाही हेतु लोककल्याणाचाच होता. मग एकाच झुडपाच्या वाट्यास हीं दोन टोकांचीं दैवें कां आलीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर करूं. केकमध्यें घालण्यासाठीं ज्या बारीक काळ्या मनुका 'करंट' या नांवानें बाजारांत मिळतात, त्या वस्तुतः वाळविलेलीं द्राक्षें होत. ग्रीस देशांतील कॉरिंथ शहरावरून त्यांना हें नांव पडलें; 'कॉरिंथ'चा अपभ्रंश होतां होतां 'करंट' झालें. पुढें सोळाव्या शतकांत इंग्लंडच्या बागांतून तांबड्या, मण्यांएवढ्या फळांचें एक झुडूप दिसूं लागलें. त्याचे लोंबते घोस पाहून लोकांची समजूत झाली कीं, ग्रीसहून येणारीं तीं वाळलेलीं फळें याच झुडपाचीं असावींत. समजूत चुकीची होती. पण नांव चिकटलें तें कायमचें. इकडे आपल्या करवंदालाही इंग्रजांनीं 'बंगाल करंट' म्हटलें. करवंद हें कण्हेरीच्या कुळांतलें. त्याला पांढरा चीक असतो. खऱ्या करंटशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. शास्त्रज्ञांनीं खऱ्या करंटला 'रायबीस' हें जें नांव दिलें, तेंही मुळांत दुसऱ्याचेंच. अरबी वैद्यकांत 'रीबास' या नांवानें एक आंबट वनस्पति प्रसिद्ध होती, ती रेवाचिनीच्या जातीची. युरोपांतील वैद्यांनीं तें नांव या आंबट फळाच्या झुडपास लावलें. तात्पर्य, बिचाऱ्या झुडपाजवळ स्वतःचें असें नांवही नाहीं. एक उसनें ग्रीसचें, दुसरें उसनें अरबांचें.

झाड मात्र अस्सल उत्तरेकडचें आहे. कमरेएवढें किंवा फार तर छातीएवढें वाढणारें, हाताच्या पंजासारख्या पानांचें. वसंतांत हिरवट फुलांचे घोस आणि भर उन्हाळ्यांत तांबडीं, पांढरीं किंवा काळीं रसाळ फळें. ग्रीक व रोमन लोकांना तें परिचयाचें नव्हतें, कारण तें युरोपच्या व आशियाच्या थंड, ओलसर रानांतलें. पंधराव्या-सोळाव्या शतकांत तें उत्तर युरोपांतील घरांच्या कुंपणांत आलें. १५९७ सालीं जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतिज्ञानें आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत त्याला गूझबेरीचाच एक बिनकांट्याचा प्रकार मानलें. आणि गूझबेरी ही खरोखरच त्याची कांटेरी बहीण आहे. १६११ सालीं जॉन ट्रॅडेस्कंट हा नामांकित माळी आपल्या धन्याच्या हॅटफील्ड येथील बागेसाठीं झाडें आणावयास हॉलंडांत गेला, तेव्हां त्यानें जीं झाडें खरेदी केलीं त्यांत काळीं करंटही होतीं.

हें झुडूप घरोघर कां पसरलें, हें समजण्यास त्याची लागवड कशी करतात तें थोडें सांगितलें पाहिजे. पुढील सर्व कथेचा धागा त्यांतच आहे. थंडीच्या तोंडीं, पानें गळलीं म्हणजे, त्या वर्षीं वाढलेल्या फांदीची वीतभर लांब कांडी कापावी आणि ती निम्म्याहून अधिक जमिनींत खोंचून ठेवावी. वसंत येतांच तिला मुळें फुटतात. मुळें उथळ असतात, म्हणून बुंध्याभोंवतीं पालापाचोळ्याचें किंवा शेणखताचें आच्छादन लागतें. काळें करंट मागल्या वर्षींच्या कोवळ्या फांदीवर फळतें; म्हणून माळी दरसाल जुन्या फांद्यांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा बुंध्यापासून काढून टाकतो. तांबडें करंट जुन्या फांदीवरील आंखूड कोंबांवर फळतें. त्याचा सांगाडा राखून नुसते शेंडे छाटावे लागतात. एवढें केलें कीं झुडूप वर्षानुवर्षें फळें देतें. त्याची एकच अट आहे, ती थंडीची. हिवाळ्यांत कित्येक आठवडे कडक गारठा मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट उमलत नाहींत. म्हणून पुण्यामुंबईच्या हवेंत तें फळावयाचें नाहीं.

ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या झुडपाला रोपवाटिकेची गरज नाहीं कीं पैशाची नाहीं. एका गृहिणीनें छाटलेली कांडी कुंपणावरून शेजारणीच्या हातांत दिली, कीं तिसऱ्या वर्षीं शेजारणीच्या घरीं मुरंबा. आपल्याकडे अळूचा कांदा किंवा कर्दळीचा गड्डा जसा या घरून त्या घरीं जातो, तसेंच हें. तांबड्या करंटची जेली, काळ्या करंटचें सरबत, घसा बसला असतां ऊन पाण्यांतून घ्यावयाचा त्याचा अर्क, हीं त्या थंड मुलुखांतील घरगुती वैद्यकाचीं व स्वयंपाकाचीं नित्याचीं अंगें झालीं.

इंग्रज वसाहतवाले अमेरिकेंत गेले, तेव्हां हें झुडूप त्यांच्या पाठोपाठ गेलें. १६२९ सालीं मॅसॅच्युसेट्स बे कंपनीनें न्यू इंग्लंडला पाठवावयाच्या वस्तूंची जी यादी केली, तींत बीबियाण्यांबरोबर करंटचीं रोपें आहेत. नव्या भूमींत घर बांधणें आणि घरामागें करंट लावणें या जणुं एकाच संसाराच्या दोन गोष्टी होत्या.

त्या भूमींत त्यांना भेटला एक महावृक्ष. आणि आपल्या कथेचें दुसरें पात्र तोच आहे. त्याला पांढरा पाइन म्हणतात. सरळ सोट, दीडशें फुटांपर्यंत व कधींकधीं त्याहूनही उंच. लांकूड हलकें, मऊ आणि टिकाऊ. सुया पांच पांचांच्या झुबक्यांत. इंग्लंडच्या आरमाराला डोलकाठ्यांसाठीं असा वृक्ष दुसरीकडे मिळणें कठीण होतें. म्हणून मॅसॅच्युसेट्सच्या १६९१ च्या सनदेंत, खासगी मालकीच्या नसलेल्या जमिनींवरील २४ इंच वा त्याहून अधिक व्यासाचे वृक्ष राजासाठीं राखून ठेवण्यांत आले, व अशा वृक्षांवर बाणाची खूण उठवूं लागले. पुढें अशा निर्बंधांचा जांच वाढला, आणि १७७२ सालीं न्यू हॅम्पशायरमधील वेअर या गांवीं लोकांनीं जप्तीसाठीं आलेल्या सरकारी अंमलदारास छड्यांनीं झोडपून हांकलून दिलें. म्हणजे, या वृक्षापायीं सरकारनें प्रजेच्या हातावर नजर ठेवावी आणि प्रजेनें रागवावें, हा प्रकार त्या देशांत जुनाच होता.

राजा गेला, पण कुऱ्हाड राहिली. एकोणिसाव्या शतकांत मेनपासून मिशिगन-मिनेसोटापर्यंत पांढऱ्या पाइनचीं अरण्यें एकामागून एक तोडलीं गेलीं. अमेरिकेंतील कित्येक शहरांचीं घरें, कोठारें व पेट्या या एका वृक्षाच्या बनल्या. शतक संपतां संपतां विचारवंतांच्या ध्यानांत आलें कीं, आतां नवीं झाडें लावलीं पाहिजेत. परंतु लावावयास रोपें कोठून आणावयाचीं? देशांतील रोपवाटिका अपुऱ्या होत्या. युरोपांत मात्र हाच अमेरिकन वृक्ष हौसेनें नेऊन लावलेला होता, आणि जर्मनी व फ्रान्स येथील रोपवाटिका त्याचीं रोपें स्वस्तांत विकीत होत्या. तेव्हां अमेरिकेचा वृक्ष अमेरिकेंतच लावण्यासाठीं युरोपांतून जहाजें भरभरून आणण्यांत येऊं लागला. आणि त्या स्वस्त रोपांच्या सालींत एक चोर दडून आला.

तो चोर म्हणजे तांबेरा. गव्हावरील तांबेरा आपल्या शेतकऱ्याला पुरेपूर ठाऊक आहे. त्याच जातीची ही एक बुरशी. १८५६ सालीं रशियाच्या बाल्टिक प्रांतांत तिची प्रथम नोंद झाली. तिचें मूळ घर आशिया. हिमालयांत व सैबेरियांत पांच सुयांचे पाइन आणि रानटी करंट हे हजारों वर्षें शेजारीं शेजारीं नांदत आले. तेथील वृक्षांना या रोगाशीं झुंजण्याची बरीच शक्ति आलेली आहे. अमेरिकेच्या पांढऱ्या पाइनचा मात्र या शत्रूशीं पूर्वीं कधीं सामना झालेला नव्हता. तो युरोपांत पाहुणा म्हणून गेला आणि तेथें बळी पडला.

या बुरशीचा जीवनक्रम मोठा विलक्षण आहे. ती एका पाइनवरून दुसऱ्या पाइनवर जाऊं शकत नाहीं. तिला मध्यें एक मुक्काम लागतो, आणि तो मुक्काम म्हणजे करंटचें किंवा गूझबेरीचें पान. वसंतांत रोगी पाइनच्या सालीवर पिवळट नारिंगी फोड उठतात. ते फुटून जे बीजकण उडतात ते वाऱ्यावर शेंकडों मैल जाऊं शकतात. परंतु ते पाइनला बाधत नाहींत, करंटच्या पानावरच रुजतात. उन्हाळाभर रोग करंटवरून करंटवर पसरतो. उन्हाळा सरतां सरतां, हवा थंड व दमट झाली म्हणजे, त्याच पानांच्या पाठीवर दुसऱ्या जातीचे कण तयार होतात. हे फार नाजुक. कोरड्या हवेंत लगेच मरतात, आणि सामान्यतः कांहींशें फुटांपलीकडे जिवंत पोंचत नाहींत. पण जे पोंचतात ते पाइनच्या सुईंत शिरतात, सुईंतून फांदींत, फांदींतून खोडांत. दोन-चार वर्षांनीं साल फुटते. खोडाला वेढा पडला कीं त्यावरचा सारा भाग वाळून जातो. करंटचें या दुखण्यांत विशेष बिघडत नाहीं. पानें थोडीं आधीं गळतात, एवढेंच. मरतो तो वृक्ष.

हा दोन घरांचा संबंध जर्मन शास्त्रज्ञ क्लेबान यानें १८८८ च्या सुमारास प्रयोगानें सिद्ध केला. म्हणजे अमेरिकेंत रोग उतरला तेव्हां हें ज्ञान उपलब्ध होतें. १९०६ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील जिनीव्हा येथें करंटवर हा रोग आढळला. १९०९ सालीं जर्मनीहून आलेल्या पाइनच्या रोपांवर तो सांपडला. पश्चिम किनाऱ्यावर १९१० सालीं फ्रान्सहून व्हँकूव्हरला आलेल्या रोपांबरोबर तो उतरला, पण तेथें तो ओळखूं आला १९२१ सालीं. अकरा वर्षें त्यानें बिनबोभाट हातपाय पसरले होते. अमेरिकन सरकारनें १९१२ सालीं वनस्पतींच्या आयातीवर निर्बंध घालणारा कायदा केला, आणि त्या कायद्याखालील पहिलाच हुकूम याच रोगासंबंधीं होता. रोगी रोपांना दार बंद झालें; पण चोर आंत आल्यावर.

आतां प्रश्न पडला कीं, जें आंत आलें आहे त्याचें काय करावें? रोगी पाइन अरण्यांत कोट्यवधि वृक्षांत मिसळलेले. ते हुडकणें अशक्य. मग सांखळीचा दुसरा दुवा तोडावा. पाइनवरून पाइनवर रोग जात नसेल, आणि करंटवरून निघालेले कण दूरवर पोंचत नसतील, तर पाइनच्या भोंवतालच्या सुमारें ९०० फुटांच्या पट्ट्यांत करंट व गूझबेरी राहूं दिली नाहीं म्हणजे झालें. काळें करंट सर्वांत लवकर रोग घेणारें. त्याच्यावर तर पूर्ण बंदी हवी. हा युक्तिवाद शास्त्रशुद्ध होता. हिशेबही उघड होता. एका बाजूला देशाचें मोठें इमारती लांकूड, दुसऱ्या बाजूला परसांतलीं चार आंबट फळें. अनेक संस्थानांनीं कायदे केले. लागवड, विक्री व वाहतूक यांवर बंधनें आलीं, आणि निरीक्षकांना खासगी बागेंत शिरून झुडूप उपटण्याचा अधिकार मिळाला.

असा कायदा अमेरिकेला अगदींच नवा नव्हता. दारुहळदीच्या जातीचें झुडूप गव्हाजवळ असलें म्हणजे गव्हाला तांबेरा लागतो, हें शेतकऱ्यांनीं सूक्ष्मदर्शकाच्या आधींच ओळखलें होतें, आणि कनेक्टिकट वसाहतीनें १७२६ सालींच त्या झुडपाविरुद्ध कायदा केला होता. परंतु करंटविरुद्धची मोहीम तिच्याहून फार वेगळी ठरली, कारण करंट नुसतें परसांत नव्हतें. अमेरिकेच्या रानांत रायबीसच्या कितीतरी रानटी जाती पूर्वींपासून होत्या. विशेषतः पश्चिमेच्या डोंगरांत ओढ्याओढ्याच्या कांठीं तीं झुडपें माजलेलीं होतीं.

१९३३ सालीं, मंदीच्या काळांत, बेकार तरुणांना काम देण्यासाठीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर ही संघटना उभारली. तिच्यांतील हजारों तरुण या कामावर लागले. डोंगरउतारावर सुतळी ताणून पट्टे आंखावयाचे, रांगेनें चालावयाचें, आणि पट्ट्यांत दिसेल तें रायबीसचें झुडूप गड्ड्यासह उपटून मुळें वर करून टांगावयाचें. गड्डा जमिनींत राहिला तर पुन्हां धुमारे फुटत. अशीं कोट्यवधि झुडपें उपटलीं गेलीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशक औषधांचे फवारेही मारण्यांत आले. परंतु रायबीसचें बीं मातींत कित्येक दशकें निद्रिस्त राहतें. वणवा लागला किंवा जमीन उकरली गेली कीं तें जागें होतें. जेथें झुडपें उपटलीं तेथेंच तीं पुन्हां उगवलीं.

या मोहिमेचा निकाल काय लागला, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पूर्वेकडे, जेथें झुडपें विरळ होतीं आणि काम नीट व वारंवार झालें, तेथें पाइनला लागणारा रोग पुष्कळ कमी झाला. तेव्हां सगळा खटाटोप वेडगळ होता असें म्हणतां येणार नाहीं. पश्चिमेकडे मात्र तो हरला. डोंगर अफाट, झुडपें अगणित, आणि एकेका झुडपावर हजारों कण. शेंकडा नव्वद झुडपें उपटलीं तरी उरलेलीं दहा रोग चालू ठेवण्यास पुरेशीं होतीं. १९६६ सालीं मध्यवर्ती सरकारनें आपला निर्बंध उठविला आणि निर्णय ज्या त्या संस्थानावर सोपविला. त्यानंतर थोड्याच काळांत पश्चिमेकडील उपटणीही थांबली.

आतां क्षणभर अटलांटिक ओलांडून इंग्लंडकडे येऊं. तिकडे हाच रोग होता आणि हाच अमेरिकन पाइनही हौसेनें लावलेला होता. परंतु इंग्लंडच्या अर्थकारणांत त्या वृक्षाचें महत्त्व बेताचें. रोगापुढें तो टिकत नाहीं असें दिसतांच इंग्रज वनाधिकाऱ्यांनीं त्याची लागवडच सोडून दिली. इंग्लंडनें झुडूप राखलें आणि वृक्ष सोडला. अमेरिकेनें वृक्ष राखण्यासाठीं झुडूप सोडलें. शास्त्र दोघांचें एकच. फरक पडला तो कोणाला काय प्रिय यामुळें.

आणि इंग्लंडला त्या राखलेल्या झुडपाचें फळ अनपेक्षितपणें मिळालें. १९३२ सालीं जीवनसत्त्व 'क' ओळखलें गेलें. कोणत्या फळांत तें किती, याची मोजणी सुरू झाली. काळ्या करंटच्या शंभर ग्रॅम फळांत तें सुमारें १८० मिलिग्रॅम, म्हणजे संत्र्याच्या तिप्पटीहूनही अधिक, असतें. ब्रिस्टलजवळच्या लाँग ॲश्टन संशोधनकेंद्रांत व्हर्नन चार्ली हे फळांच्या पाकावर काम करीत होते. त्यांच्या कामांतून काळ्या करंटचें जें सरबत तयार झालें, तें १९३८ सालीं ब्रिस्टलच्या एच. डब्ल्यू. कार्टर कंपनीनें 'रायबीना' या नांवानें बाजारांत आणलें. नांव अर्थातच रायबीसवरून. पुढच्याच वर्षीं युद्ध पेटलें. समुद्रांत पाणबुड्या फिरूं लागल्या. संत्रीं येणें दुर्मिळ झालें. तेव्हां १९४१ च्या डिसेंबरांत सरकारनें दोन वर्षांखालील मुलांना काळ्या करंटचा पाक आणि कॉड माशाच्या यकृताचें तेल वांटण्यास आरंभ केला. देशांतील काळ्या करंटच्या पिकाचा मोठा भाग या कामीं लागला. एकीकडे अमेरिकन तरुण डोंगरांतून रायबीस उपटीत होते, दुसरीकडे इंग्लंडांतील आया त्याच कुळाच्या फळाचा पाक चमच्यानें मुलांना पाजीत होत्या. आणि दैवाचा खेळ असा कीं, १९४२ सालीं या पाकाची जागा जिनें बहुतांशीं घेतली, ती अमेरिकेहून आलेली संत्र्याच्या रसाची बाटली होती!

यापुढची हकीकत थोडक्यांत सांगतों. कॅनडांत ओटावा येथील शास्त्रज्ञांनीं आशियांतील एका रानटी करंटशीं संकर करून रोग न घेणारीं वाणें काढलीं. त्यांत क्रुसेडर, कोरोनेट व कन्सॉर्ट हीं प्रसिद्ध झालीं. इकडे पश्चिम अमेरिकेंत रोगाच्या तडाख्यांतूनही जे थोडे पाइन सुदृढ उरले, त्यांच्या बियांपासून दणकट झाडांची पैदास करण्याचें काम विसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू झालें. झुडूप उपटण्यापेक्षां वृक्ष सशक्त करावा, ही दिशा अधिक फलदायी ठरली. २००३ सालीं न्यूयॉर्क संस्थानानें, हडसन खोऱ्यांतील एका शेतकऱ्याच्या खटपटीनें, करंटच्या व्यापारी लागवडीस परवानगी दिली. लोकांनीं आनंद मानला. परंतु बुरशीही स्वस्थ बसलेली नव्हती. २०११ सालीं कनेक्टिकटमध्यें रोगप्रतिकारक म्हणून लावलेल्या टायटानिया नांवाच्या करंटवर तांबेरा आढळला. बुरशीनें आपलें रूप पालटलें होतें. आणि २०२२ च्या डिसेंबरांत पश्चिमेच्या उंच पर्वतांवरील पांढऱ्या सालीच्या पाइनला अमेरिकन सरकारनें संकटग्रस्त जातींत घातलें. त्याच्या संकटाचें सर्वांत मोठें कारण हाच तांबेरा. म्हणजे १९१० च्या आगेंमागें स्वस्त रोपांच्या गठ्ठ्यांतून आलेल्या चोराचें देणें तो देश अजूनही फेडीत आहे.

श्रोतेहो, या इतिहासांतून आपण काय घ्यावें? 'माझ्या परसांत मीं काय लावावें हा माझा प्रश्न,' असें आपण सहज म्हणतों. करंटची कथा सांगते कीं, निसर्गाला आपलें कुंपण दिसत नाहीं. माझ्या अंगणांतल्या पानावरचा धूलिकण शेजारच्या रानांतला शंभर वर्षांचा वृक्ष मारूं शकतो. म्हणून समाजाला माझ्या अंगणांत डोकावण्याचा कांहीं हक्क आहे, हें मान्य केलें पाहिजे. परंतु हीच कथा दुसरी बाजूही सांगते. रोग परसांतून निघाला नव्हता. तो आला बंदरावरून. थोडे पैसे वांचविण्याच्या मोठ्या व्यवहारांतून, आणि तोही असा धोका ज्ञात झालेला असतांना. त्या व्यवहाराला वेळीं कोणी अडविलें नाहीं. मग भरपाई करण्याची वेळ आली तेव्हां, जिला उपटणें सर्वांत सोपें होतें, तिच्यावर हात पडला. आणि ती म्हणजे गृहिणीच्या दारची कांडी. शास्त्रानें दाखविलेला दुवा तोडणें योग्य असेलही. पण दुवा म्हणजे अपराधी नव्हे.

शिवाय एका देशाचा उपाय दुसऱ्यानें डोळे मिटून उचलावा, असेंही नाहीं. अमेरिकेनें १९१८ पासून गव्हाच्या तांबेऱ्यासाठीं दारुहळदीच्या जातीच्या झुडपांविरुद्ध मोठी मोहीम काढली. आपल्याकडेही हिमालयाच्या पायथ्याशीं दारुहळद आहे, मैदानांत गहू आहे, आणि गव्हावर तांबेरा आहे. अमेरिकेचें पाहून आपणही उपटणीस लागलों असतों, तर नवल नव्हतें. परंतु आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनीं दीर्घकाळ संशोधन करून दाखविलें कीं, आपल्या मैदानांतील कडक उन्हाळ्यांत तांबेऱ्याचे कण जगतच नाहींत. ते डोंगराळ थंड मुलुखांत तग धरतात आणि दरसाल तेथून वाऱ्याबरोबर खालीं उतरतात. दारुहळदीचा त्यांत फारसा वांटा नाहीं. एका माणसाच्या चिकाटीनें एक निरर्थक मोहीम टळली, असें म्हणण्यास हरकत नाहीं. उपटलेल्या झुडपांची मोजदाद करणें सोपें असतें. न उपटलेल्या झुडपांचें श्रेय मात्र कोणी कोणास देत नाहीं.

आज आपल्या शहरांतूनही हौशी मंडळी परदेशचीं रोपें, कंद व कलमें मोठ्या उत्साहानें मागवितात. हा उत्साह स्तुत्य आहे. बाग ही माणसाच्या सुसंस्कृतपणाची खूण आहे. मात्र असें रोप येतांना त्याच्याबरोबर मुळांतल्या मातींतून व सालीच्या आडून आणखी कोण येत आहे, याची तपासणी बंदरावर होते, ती चुकवूं नये आणि तिला कटकट समजूं नये. ती तपासणी म्हणजे, पुढें कोणा तरी अनोळखी घरच्या झुडपाला भोगावी लागणारी शिक्षा आधींच टाळण्याचा मार्ग आहे. करंटच्या झुडपानें अमेरिकेंत जें भोगलें, तें त्याच्या करंटेपणामुळें नव्हे; वेळीं न केलेल्या चार दिवसांच्या तपासणीमुळें भोगलें.